जुनी गाडी, नवे इंजिन आणि खरी कसोटी

१९२९ सालच्या नाताळची गोष्ट. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस या लहानशा गावी क्लेसी कमिन्स नावाचा यंत्रज्ञ आपले भांडवलदार डब्ल्यू. जी. अर्विन यांना मोटारीतून फिरवून आणावयास निघाला. त्याने १९१९ साली काढलेला डिझेल इंजिनांचा कारखाना अडचणीत होता. न्यूयॉर्कचा शेअरबाजार दोनच महिन्यांपूर्वी कोसळला होता आणि अर्विन यांनी हात आखडता घेतला असता तर त्यात नवल नव्हते. मोटार पॅकार्ड बनावटीची होती, तीही वापरलेली. नवे होते ते इंजिन. पेट्रोलचे मूळ इंजिन उतरवून कमिन्सने त्या जागी आपल्या कारखान्यातील डिझेल इंजिन बसविले होते. पुढच्याच महिन्यात ही गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला गेली. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासाला इंधनाचा खर्च आला १ डॉलर ३८ सेंट. मंदीच्या दिवसांत या आकड्याचा बोलबाला झाला नसता तरच आश्चर्य. कारखाना तगला, आणि पुढे जगातील एक मोठा इंजिन-उद्योग झाला. १९६२ साली पुण्यात किर्लोस्करांच्या सहकार्याने उभा राहिलेला कारखाना याच उद्योगाची शाखा होय.

म्हणजे जुन्या गाडीत परके डिझेल इंजिन बसविण्याचा खटाटोप हा केवळ हौशी लोकांचा उद्योग नव्हे. त्यातून एक उद्योग वाचला आहे. तरीही आज हा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. जुने ते सारे राखावे, यंत्राला जीव लावावा, भंगारात काढणे हे पाप, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी चालवावी, नाही तर मोडीत काढावी. मधला उद्योग बेकायदा आणि धोक्याचा. हे दोन्ही पक्ष यंत्राकडे नीट पाहत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून आधी यंत्राकडे पाहू.

एक बदल, दहा परिणाम

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात शेव्हर्ले कंपनीने काढलेले ३१०० या क्रमांकाचे छोटे पिकअप ट्रक आजही पुष्कळ आढळतात. शेतकऱ्याचा, सुताराचा, किराणा दुकानदाराचा हा ट्रक. गोल पाठीची केबिन, मागे लाकडी तळाचा हौदा, आणि बॉनेटखाली साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, नव्वदीच्या आसपास अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. पत्रा जाड, बांधणी सरळ. त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही सांगाडा शाबूत असतो. झिजते ते इंजिन. मग मालकाच्या मनात येते की, यात डिझेल बसवावे.

या कामासाठी कित्येक वर्षे सर्वांत लोकप्रिय ठरले ते कमिन्सचेच, ३.९ लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन. पाव आणि खाऊचे पुडे दुकानोदुकानी पोचविणाऱ्या चौकोनी व्हॅनमध्ये ते असे. व्हॅन मोडीत निघाली की इंजिन स्वस्तात मिळे. त्याची शक्ती सुमारे १०५ अश्वशक्ती, म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा फार अधिक नाही. पण चाकाला पीळ देण्याचे जे बल, ज्याला टॉर्क म्हणतात, ते जवळपास दीडपट, आणि तेही मिनिटाला अवघ्या १,६०० फेऱ्यांवर. विहिरीवर ऑइल इंजिन चालताना ज्याने ऐकले आहे त्याला हा स्वभाव ओळखीचा वाटेल. घाई नाही, आरडाओरड पुष्कळ, पण ओझे आले तरी मान टाकावयाची नाही. या इंजिनाचे सहा सिलिंडरचे थोरले भावंड १९८९ पासून अमेरिकेतील डॉज पिकअपमध्ये आले, आणि त्याच घराण्यातील इंजिने जमशेदपूरच्या टाटा-कमिन्स कारखान्यातून निघून आपल्याकडील मालट्रकांत धावू लागली.

आता हे इंजिन जुन्या ट्रकात उतरविले की काय होते? पहिली गोष्ट वजनाची. एवढ्या इंजिनाचे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास असते. तेवढा भार पुढच्या कमानींवर आणि आसावर येतो. म्हणून कमानी बदलाव्या लागतात. दुसरी गोष्ट हादऱ्याची. चार सिलिंडरचे हे इंजिन रिकामे चालताना अंग झाडते. ते रबराच्या योग्य बैठकीवर बसविले नाही तर चॅसीचे जोड ढिले होतात आणि आरसा पाहण्याजोगा राहत नाही.

तिसरी गोष्ट गणिताची आहे. शेव्हर्लेच्या मागच्या आसाचे प्रमाण ४.११ असे होते. म्हणजे चाक एकदा फिरावयास इंजिनाकडून येणारा दांडा चार फेऱ्यांहून किंचित अधिक फिरे. डिझेल इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा असते. ती मिनिटाला २,५०० धरली तर वरच्या गिअरमध्ये चाकाच्या सुमारे ६०८ फेऱ्या होतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ताशी वेग भरतो ८२ किलोमीटर, आणि तोही इंजिन शेवटच्या श्वासावर असताना. अमेरिकेच्या हमरस्त्यावर एवढ्या वेगाने भागत नाही. मग आस बदलावा, किंवा जादा वरचा गिअर असलेली गिअरबॉक्स बसवावी. पण १९५४ पर्यंतच्या या ट्रकांत फिरता दांडा एका बंद नळीत असे आणि ती नळी मागच्या आसाला जोडलेली असे. गिअरबॉक्स बदलावयाची तर नळी गेली. नळी गेली म्हणजे आसही गेला. इंजिन बदलावयास निघालेला मनुष्य अशा रीतीने गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊन पोचतो.

चौथी गोष्ट विजेची. जुना ट्रक ६ व्होल्टवर चालतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापविली की इंधन आपोआप पेटते. तेवढा दाब देत इंजिन फिरवावयाचे तर १२ व्होल्टचा दणकट स्टार्टर आणि तशीच बॅटरी पाहिजे. म्हणजे दिव्यांपासून काट्यांपर्यंत सारी वायरिंग नवी.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित, ती ब्रेकची. पेट्रोल इंजिनाच्या श्वासमार्गात एक झडप असते. पाय ढिला सोडला की ती मिटते आणि तिच्यामागे निर्वात निर्माण होतो. या निर्वाताच्या जोरावर नंतरच्या मोटारींत ब्रेकला मदत मिळू लागली. शेव्हर्लेच्या या ट्रकांत तर काचेवरील वायपरसुद्धा त्याच्यावरच चालत. डिझेल इंजिनात अशी झडप नसते. हवा मोकळी येते, कमीजास्त होते ते केवळ इंधन. त्यामुळे निर्वात नाही. पावसात गाडी बाहेर काढली की वायपर जागचा हलत नाही, हे निदान डोळ्यांना दिसते. पण ज्याने हौसेने पुढे डिस्क ब्रेक आणि त्यांना साहाय्य करणारा बूस्टर बसविला, आणि निर्वात-पंप बसविण्याचे विसरला, त्याला ही चूक उतारावर कळते. अधिक जड झालेली, अधिक ओढीची गाडी, आणि थांबविण्याची शक्ती मात्र १९५० सालची. इंजिनबदलातील खरा अपघात येथे दबा धरून बसलेला असतो.

हिशेबाचे दोन स्तंभ

एवढे सारे करून पैसे वाचतात काय? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर हौशी मालकाचे वाचत नाहीत. जुने पेट्रोल इंजिन लिटरला ६ किलोमीटर आणि डिझेल १० किलोमीटर देते असे समजू. वर्षाला ८,००० किलोमीटर गाडी चालली तर सुमारे ५३० लिटर इंधन वाचेल. लिटरला एक डॉलर धरला तर बचत ५३० डॉलरांची. कमिन्सने २०१७ साली अशाच जुन्या गाड्यांसाठी पेटीबंद विकावयास काढलेल्या २.८ लिटरच्या नव्या इंजिनाची किंमत नऊ हजार डॉलरांच्या घरात होती. नुसते इंजिन फिटावयास सतरा वर्षे. गिअरबॉक्स, आस, ब्रेक, वायरिंग आणि मजुरी धरली तर त्याच्या दुप्पट. १ डॉलर ३८ सेंटची कथा येथे लागू पडत नाही, कारण ती रोज शेकडो मैल धावणाऱ्या गाडीची कथा आहे. ज्याची गाडी दिवसरात्र मालाखाली असते त्याचा हिशेब निराळा; रविवारी बाहेर पडणाऱ्याचा निराळा.

जुनी गाडी राखली म्हणजे निसर्गावर उपकार झाले, हे विधानही तपासून घेतले पाहिजे. नवी गाडी घडविण्यास लागणारे पोलाद आणि ऊर्जा वाचते, हे खरे. पण पेट्रोल वा डिझेलवर चालणारी मोटार आपल्या आयुष्यात जो भार पृथ्वीवर घालते त्याचा मोठा वाटा तिच्या घडणीचा नसून तिने जाळलेल्या इंधनाचा असतो. गाडी जितकी अधिक फिरेल तितके तिच्या इंजिनाचे स्वरूप महत्त्वाचे, आणि तिच्या वयाचे कमी.

आधुनिक म्हणजे काय?

डिझेलचा धूर हा किरकोळ उपद्रव नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली त्याचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत केला आहे. या धुराला आवर घालण्यासाठी डिझेल इंजिनात गेल्या वीस वर्षांत जे बदल झाले ते बहुतांशी इंजिनाबाहेरचे आहेत. काजळी अडविणारी गाळणी आली, नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारे रसायन आले, आणि या साऱ्यावर देखरेख करणारा संगणक आला. अमेरिकेत २००७ पासून नव्या डिझेल पिकअपना गाळणीवाचून गत्यंतर उरले नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ची मानके लागू झाली. आजचे डिझेल इंजिन म्हणजे चालते-फिरते रसायनगृह झाले आहे.

इंजिन बदलणाऱ्याला मोह पडतो तो नेमका येथे. इंजिन घ्यावयाचे, पण ती अवजड गाळणी, ती रसायनाची टाकी, तो तारांचा गुंता मागे टाकावयाचा. पावाच्या व्हॅनमधील जुन्या इंजिनाची लोकप्रियता यातलीच: त्याला संगणक नाही, तारा जवळजवळ नाहीत, कोणाही जाणत्या मिस्त्रीला ते समजते. पण त्याचा अर्थ असाही होतो की, त्याच्या धुरावर कोणाचाही पहारा नाही. नव्या इंजिनाची शक्ती तेवढी उचलली आणि त्याची जबाबदारी भंगारवाल्याकडे सोडली, तर त्या बदलाला आधुनिक म्हणता येणार नाही. शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या खर्चाने केलेली ती काटकसर होय.

कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाचे एक समंजस उत्तर दिले आहे. तेथे इंजिन बदलण्यास बंदी नाही. अट अशी की, बसविलेले इंजिन गाडीच्या सालापेक्षा जुने असता कामा नये, आणि त्या इंजिनाबरोबर कारखान्याने दिलेली प्रदूषण-नियंत्रणाची सारी सामग्रीही आली पाहिजे. मग सरकारने नेमलेला पंच गाडी तपासतो आणि मान्यतेची चिठ्ठी लावतो. गाडी पहिल्यापेक्षा अधिक घाण झाली नाही ना, एवढेच तेथे पाहिले जाते. या व्यवस्थेलाही भगदाड आहे. १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना तेथे नियमित धूरतपासणीतून सूट आहे. त्यामुळे फार जुन्या ट्रकाच्या बाबतीत पुष्कळसे मालकाच्या विवेकावरच सोडल्यासारखे होते. पण तत्त्व बरोबर आहे. प्रश्न गाडीच्या वंशावळीचा नाही, तिच्या वर्तनाचा आहे.

आपल्या दारचा प्रश्न

हे सारे अमेरिकेचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचक विचारील. संबंध आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर आपल्याकडील पेट्रोलच्या जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसविण्याचा उद्योग गावोगावच्या गॅरेजांत सुरू झाला. पुढे महिंद्र कंपनीने स्वतःच ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. गॅरेजातील मिस्त्रीने आधी करून पाहावे आणि कारखान्याने मागाहून करावे, असे यंत्रांच्या इतिहासात अनेकदा घडते. त्या मिस्त्रीपाशी पदवी नव्हती. पण वजन, फेरे, दाब आणि उष्णता यांचे ज्ञान त्याच्या हातात होते. ग्रामीण भागाची वाहतूक त्या हातांवर चालली, हे विसरता कामा नये. तशीच दुसरी बाजूही विसरता कामा नये. ब्रेक जुने ठेवून दामटलेल्या, काळा धूर ओकणाऱ्या गाड्याही त्याच गॅरेजांतून निघाल्या.

आपल्या कायद्याने यावर काय केले? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखानदाराने मूळ नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. मान्यताप्राप्त संच बसवून वायूवर किंवा विजेवर गाडी नेण्यास वाट आहे. त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन घालण्यासही आहे. पण निराळ्या जातीचे इंजिन घालावयाचे तर दार जवळपास बंद. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरील गाड्यांना विशेष नोंदणी देणारे नियम आले. पण ती सवलत मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच. म्हणजे शोभेसाठी जपलेल्या गाडीला मान आहे, कामासाठी सुधारलेल्या गाडीला नाही.

कायद्याचा हेतू योग्य आहे. कोणीही उठावे आणि वाटेल ते इंजिन वाटेल त्या सांगाड्यावर चढवावे, हे रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हिताचे नाही. पण सरसकट बंदीने असे बदल थांबत नाहीत, ते कागदाबाहेर जातात. नोंदवहीत पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. आणि ज्या गाडीची तपासणी सर्वांत कडक व्हावयास हवी तीच तपासणीच्या जागेपासून सर्वांत दूर राहते. प्रामाणिक मालकाला मार्ग नाही आणि अप्रामाणिकाला अडथळा नाही, अशी ही स्थिती आहे.

मार्ग काढणे अशक्य नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, तेव्हापासून गाड्यांची योग्यता यंत्राने तपासणारी केंद्रे उभी राहू लागली आहेत. गाडी किती अंतरात थांबते, किती धूर सोडते, तिची दिशा स्थिर राहते की नाही, हे तेथे मोजता येते. जी यंत्रे जुन्या गाडीला मृत्युपत्र देऊ शकतात ती बदललेल्या गाडीला जीवनपत्रही देऊ शकतील. अटी तीन असाव्यात. नवे इंजिन मूळ इंजिनापेक्षा अलीकडच्या मानकाचे असावे आणि त्याची धूर-नियंत्रणाची सामग्री पुरती बसविलेली असावी. ब्रेक, कमानी व सुकाणू नव्या वजनाला आणि नव्या शक्तीला साजेसे आहेत, हे चाचणीने सिद्ध व्हावे. आणि काम करणाऱ्या मिस्त्रीने त्याखाली सही करावी. ही तिसरी अट लहान वाटेल; पण तिच्यामुळेच आज जो मनुष्य गुन्हेगार ठरतो तो उद्या जबाबदार कारागीर ठरेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना अशा सहीचा अधिकार मिळविण्याची आकांक्षा बाळगता आली, तर त्यांच्या शिक्षणालाही निराळा अर्थ येईल.

अर्थात हेही सांगावयास हवे की, या वाटेने फार गाड्या जाणार नाहीत, आणि जाऊही नयेत. तीन अटी पाळून इंजिन बदलावयाचे म्हणजे काय खर्च येतो हे वरच्या हिशेबात दिसलेच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांना भंगार हीच योग्य गती आहे आणि ती मान्य करण्यात कृतघ्नता नाही. शहरात रोज फिरणाऱ्या गाडीला वीज हे अधिक चांगले उत्तर असेल. पण ज्याला आपली गाडी राखावयाची आहे, आणि राखण्याची पूर्ण किंमत मोजण्याची ज्याची तयारी आहे, त्याला राज्याने चोरवाटेने जाण्यास भाग पाडू नये.

क्लेसी कमिन्सची ती पॅकार्ड आज आपल्या रस्त्यावर आली असती तर नोंदणी-कार्यालयात तिची कागदपत्रे जुळली नसती. कागद जुळत नाहीत म्हणून तिला परत पाठवावयाचे, की ती किती धूर सोडते आणि ब्रेक दाबल्यावर कोठे थांबते हे पाहावयाचे, एवढाच प्रश्न आहे. कागद जुळविणे सोपे असते, तपासणे कठीण. पण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा जीव आणि गॅरेजात राबणाऱ्या माणसाची विद्या, या दोन्हींचे रक्षण तपासण्यानेच होणार आहे.